पाहणे आणि ओळखणे : नांदेड-लातूर परिसरातील अवशेषांच्या वाचनासंबंधी काही विचार

१

एखादी वस्तू डोळ्यांसमोर असणे आणि ती दिसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपल्याकडील दार्शनिकांनी फार पूर्वी ओळखले होते. प्रत्यक्ष ज्ञानाचे निर्विकल्पक व सविकल्पक असे दोन प्रकार नैयायिकांनी मानले. पहिल्यात वस्तूचा नुसता भास होतो, दुसऱ्यात ‘हे अमुक आहे’ असा नामजात्यादींनी युक्त असा बोध होतो. बौद्ध आचार्य दिङ्नागाने कल्पनेचा स्पर्श नसलेले तेवढेच खरे प्रत्यक्ष, असा आग्रह धरला. उलट भर्तृहरीच्या मते शब्दाचा अनुवेध नसलेले ज्ञान लौकिक व्यवहारात संभवतच नाही. या वादाचा निकाल लावणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु नव्यन्यायातील एक उदाहरण येथे मुद्दाम स्मरावेसे वाटते. दुरून चंदनाचे लाकूड दिसले असता ‘हे सुगंधी चंदन आहे’ असे ज्ञान पाहणाऱ्यास होते. वास्तविक गंध हा डोळ्यांचा विषय नव्हे, आणि एवढ्या अंतरावरून तो नाकापर्यंत पोहोचलेलाही नसतो. तरीही गंधाचा प्रत्यय येतो, कारण पूर्वी घेतलेले गंधाचे ज्ञान या वेळच्या दर्शनात मिसळलेले असते. नैयायिकांनी याला ज्ञानलक्षण संनिकर्ष असे नाव दिले.

पाश्चात्त्य विचारवंतही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आलेले आहेत. बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली स्मरणावरील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, माणूस ऐकलेली कथा जशीच्या तशी साठवीत नाही. आपल्या मनातील आधीच्या आकृतिबंधात ती बसवून घेतो, आणि जे बसत नाही ते गळून पडते. हॅन्सनने १९५८ साली विज्ञानातील निरीक्षण हे सिद्धांताने भारलेले असते असे प्रतिपादन केले. गोंब्रिचने १९६० साली चित्रकलेच्या इतिहासातून असे दाखवून दिले की, निष्पाप डोळा नावाची गोष्ट अस्तित्वात नाही.

हे सारे विचार आपल्या अभ्यासक्रमांतून शिकविले जातात, परीक्षेत त्यांवर प्रश्नही विचारले जातात. मात्र आपण ज्या प्रदेशात बसून हे शिकतो, त्या प्रदेशाच्या अभ्यासाला ते लावून पाहिले आहेत, असे सहसा आढळत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत व त्यांच्या शेजारी गेल्या सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले, त्यात कोणाला काय दिसले, कोणाला काय दिसले नाही, आणि का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ तात्त्विक कुतूहलाचा नाही. न दिसलेल्या गोष्टींची किंमत कधी एखाद्या शिलालेखाने दिली आहे, तर कधी माणसांनी.

२

देगलूर तालुक्यातील होट्टल या गावी कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे आहेत. सिद्धेश्वराचे मंदिर त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. तेथील कोरीव लेख असलेल्या एखाद्या शिळेपुढे तीन माणसे उभी आहेत असे समजू या. पहिल्याला कोणतीच जुनी लिपी येत नाही. त्याला दगडावर काही ओरखडे दिसतील; कदाचित तेही दिसणार नाहीत, कारण झिजलेल्या दगडावर ओरखडे असतातच. दुसऱ्याला देवनागरी उत्तम येते व यादवकालीन मराठी शिलालेख त्याने वाचलेले आहेत. त्याला हा लेख आहे एवढे कळेल, पण अक्षरे लागणार नाहीत. ‘लेख अस्पष्ट आहे’ अशी नोंद तो प्रामाणिकपणे करील. तिसऱ्याला मध्ययुगीन कन्नड लिपीचा सराव आहे. त्याला राजाचे नाव, शकवर्ष, दान, सीमा अशी एकेक ओळ उलगडत जाईल. ‘अस्पष्ट’ हा गुण दगडाचा नव्हता, तो दुसऱ्या वाचकाच्या तयारीचा होता. हा भेद आपण नोंदी करताना पाळीत नाही.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील वस्तुस्थिती कल्पित नाही. नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा पहिला भरीव संग्रह १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने प्रसिद्ध केला. त्याचे संपादक श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके हे होत. रित्ती हे धारवाडच्या परंपरेतले, कन्नड शिलालेखांत मुरलेले विद्वान. त्या संग्रहातील पुष्कळ लेख कन्नड भाषेत आहेत. हे लेख काही १९६८ साली नव्याने कोरले गेले नव्हते. शेकडो वर्षे ते देवळांच्या आवारात, वेशीजवळ, शेताच्या बांधावर उभे होते. लोक त्यांच्याजवळून जात होते, कोठे त्यांना शेंदूरही लागत होता. त्यांना बोलते करण्यासाठी स्थानिक महाविद्यालयाची आस्था आणि शेजारच्या भाषेचे ज्ञान या दोन गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

या ग्रंथाचे महत्त्व आपण अजून पुरेसे ओळखलेले नाही, असे माझे मत आहे. तो संदर्भासाठी वापरला जातो, परंतु त्याने घालून दिलेला पद्धतीचा धडा घेतला जात नाही. जिल्ह्याचा इतिहास लिहावयाचा तर त्या जिल्ह्याची आजची भाषा येणे पुरेसे नाही. त्या भूमीत पूर्वी नांदलेल्या भाषा याव्या लागतात, हा तो धडा. नवव्या शतकातील राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारी रचल्या गेलेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात कन्नड देशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलेली आहे. नांदेड गोदावरीच्या काठी आहे, ही गोष्ट आपण भूगोलात शिकतो आणि साहित्याच्या इतिहासात विसरतो.

३

पूर्वज्ञानामुळे दिसते हे वरील उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. परंतु जे दिसते त्याची दिशाही पूर्वज्ञानच ठरविते. स्थलनामांच्या अभ्यासाइतके याचे बोलके उदाहरण दुसरे नाही.

राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात स्वतःला लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवितात. हे लट्टलूर कोठले? फ्लीटने प्रथम ते मध्य प्रांताच्या बिलासपूर भागातील रतनपूर असावे असा तर्क केला, आणि पुढे तो सोडून देऊन लातूर हे स्थळ सुचविले. डॉ. अ. स. आळतेकरांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात लातूरचाच पक्ष स्वीकारला. बिरुद तेच, पुरावा तोच. संशोधकाच्या मनातील नकाशा मात्र बदलला, आणि त्याबरोबर जी जागा पूर्वी दिसत नव्हती ती दिसू लागली.

याच राजवंशाच्या मातृभाषेचा प्रश्न घ्या. चिंतामणराव वैद्यांना राष्ट्रकूटांत मराठ्यांचे पूर्वज दिसले. आळतेकरांना त्याच घराण्याच्या ताम्रपटांवरील कन्नड वळणाच्या सह्या आणि कन्नड साहित्याला मिळालेला आश्रय महत्त्वाचा वाटला, आणि हे कुळ कन्नड भाषिक होते असा निष्कर्ष त्यांनी काढला. दोघेही महाराष्ट्रीय, दोघेही व्यासंगी. त्यांच्यांत फरक पडला तो पुराव्याच्या प्रमाणात नव्हे, तर कोणता पुरावा ‘पुरावा’ म्हणून नजरेत भरला यात. येथे आळतेकरांचे श्रेष्ठत्व माझ्या मते असे की, आपल्या प्रांताच्या अभिमानाला न मानवणारी सामग्री त्यांनी मधोमध ठेवली.

गावांच्या नावांबाबत ही गोष्ट अधिकच उघड होते. इतिहासाचार्य राजवाडे यांची दृष्टी पाणिनीय होती. मराठी शब्दाच्या मुळाशी ते संस्कृत धातू शोधीत, आणि त्यांच्या प्रचंड व्यासंगामुळे तो त्यांना बहुधा सापडेही. उलट शं. बा. जोशी यांनी १९५२ सालच्या ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ या ग्रंथात महाराष्ट्राच्या जुन्या थरात कन्नड अंश किती खोल गेला आहे ते दाखविण्याचा प्रयत्न केला. राजवाड्यांना जेथे संस्कृताचा अपभ्रंश दिसे, तेथे जोशींना कन्नडाचा अवशेष दिसे.

देगलूर हे नाव आपण दररोज उच्चारतो. मराठी वाचकाला त्यात काहीच ‘दिसत’ नाही. ते नुसते नाव आहे. ज्याला कन्नडात ‘देगुल’ म्हणजे देऊळ आणि ‘ऊर’ म्हणजे गाव हे ठाऊक आहे, तो या नावाशी थबकतो. होट्टलचे जुने नाव पोट्टल असल्याचे शिलालेखांवरून मानले जाते. जुन्या कन्नडातील आरंभीचा पकार मध्ययुगात हकार झाला, हा त्या भाषेच्या इतिहासातील प्रसिद्ध नियम आहे. तो माहीत असलेल्याला ‘पोट्टल’ व ‘होट्टल’ यांच्यात लोकांच्या उच्चारदोषाऐवजी एका भाषेची चाल दिसते. देगलूरची ही व्युत्पत्ती सिद्ध झाली असा माझा दावा नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे हे रतनपूरच्या उदाहरणाने दाखविलेच आहे. मला म्हणावयाचे ते एवढेच की, प्रश्न पडण्यासाठीसुद्धा आधी काहीतरी ठाऊक असावे लागते. अज्ञानात प्रश्नही उद्भवत नाहीत.

४

आतापर्यंत पूर्वज्ञानाच्या अनुकूल बाजूचा विचार झाला. आता त्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. ज्ञान जसे वस्तू दाखविते तसे ते नाव देऊन वस्तू झाकूनही टाकते. आपल्या प्रदेशात हे काम ‘हेमाडपंती’ या एका शब्दाने जेवढे केले तेवढे दुसऱ्या कशाने केले नसेल.

हेमाद्री किंवा हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चुन्यावाचून दगडावर दगड बसवून केलेली बांधणी त्याने प्रचारात आणली, अशी समजूत दृढ झाली आणि त्या पद्धतीच्या प्रत्येक जुन्या देवळाला हेमाडपंती म्हणण्याची रूढी पडली. पण ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवालय शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील आहे. हेमाद्री मंत्रिपदावर येण्यापूर्वी दोनशे वर्षे ते उभे होते. तरीही ते ‘हेमाडपंती’ म्हणून दाखविले जाते. नांदेड-लातूरकडे ही चूक अधिक नुकसान करते. होट्टलची मंदिरे किंवा निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर यांचे नाते यादवांच्या देवगिरीपेक्षा चालुक्यांच्या कल्याणीशी अधिक जवळचे आहे. निलंग्याच्या मंदिराला तीन गाभारे आहेत, त्याच्या तलविन्यासात तारकाकृतीचे कोन आहेत, आणि बाह्य भिंतीवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. त्याच्या भावंडांचा शोध घ्यावयाचा तर बीदर, गुलबर्गा, धारवाड या बाजूंना गेले पाहिजे.

परंतु ‘हेमाडपंती’ हा शब्द एकदा उच्चारला की पाहणारा थांबतो. त्याला उत्तर मिळालेले असते. दगड चुन्यावाचून बसविले आहेत एवढे लक्षण तो पाहतो, कारण त्या नावाने तेवढेच पाहावयास शिकविले आहे. स्तंभांचे घाट, छताची रचना, द्वारशाखांची संख्या, गाभाऱ्यांचा क्रम या गोष्टी समोर असूनही त्याच्या नोंदीत येत नाहीत. कझिन्ससारख्या जाणकारानेही १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या शब्दाचा व्यवहार टाळला नाही, तर तालुक्याच्या माहितीपुस्तिका तो टाळतील ही अपेक्षाच नको. आपल्या विभागातून सादर होणाऱ्या प्रबंधिकांत मात्र तो यापुढे तरी विशेषण म्हणून येऊ नये, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. अपुऱ्या ज्ञानाची ही विशेष अडचण आहे: आपण अज्ञानी आहोत याची जाणीव ते राहू देत नाही. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ असे म्हणणारा ग्रामस्थ निदान आपण ऐकीव गोष्ट सांगत आहोत हे जाणतो.

५

लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यात असलेल्या तेर या गावी पूर्वज्ञानाचे हे दोन्ही परिणाम एकत्र पाहावयास मिळतात. ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी पेठ असल्याचा उल्लेख आहे. या तगरासाठी विद्वानांनी अनेक गावे सुचविली. पंडित भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटले, रा. गो. भांडारकरांना धारूर. १९०१ साली फ्लीटने तगर म्हणजे तेर हे मांडले, आणि त्यानंतर लवकरच कझिन्स तेरला गेला. तेथील त्रिविक्रमाच्या विटांच्या मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार, छत गजपृष्ठाकार. हे मुळात बौद्ध चैत्य असून पुढे त्याचे वैष्णव मंदिर झाले, असा निर्णय त्याने दिला.

या निर्णयाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही लक्षात घेण्यासारख्या आहेत. कार्ले, भाजे, अजिंठा येथील लेण्यांचे ज्ञान नसते तर एका खेड्यातील जुन्या देवळाच्या पाठीकडे कोणाचे लक्ष गेले असते? चैत्याची आकृती ठाऊक होती म्हणून कझिन्सला त्या वास्तूचे प्राचीनत्व दिसले. परंतु त्याच ज्ञानाने ‘अर्धवर्तुळ म्हणजे बौद्ध’ असे समीकरणही त्याच्या हाती दिले. पुढील अभ्यासकांनी असे दाखविले की, चापाकार विन्यास ही कोणा एका धर्माची मालमत्ता नव्हती; प्राचीन काळी निरनिराळ्या संप्रदायांनी तो वापरला आहे. तेव्हा तेरची वास्तू आरंभापासूनच ब्राह्मणी असणे अशक्य नाही. येथे वाद कोणत्या पक्षाचा खरा हा नाही. एकाच ज्ञानाने एक दार उघडले आणि दुसरे लावले, हे पाहावयाचे आहे.

तेरच्या टेकाडांची हकीकत याहून उद्बोधक आहे. तेथे १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले, पुढेही उत्खनने झाली. सातवाहनकालीन वस्तीचा, मण्यांचा, मृण्मूर्तींचा, रोमशी असलेल्या व्यापारसंबंधांचा पुरावा मिळाला. ज्याच्या शोधात गेले ते मिळाले. पुढे १९९३ नंतर त्याच टेकाडांकडे भूवैज्ञानिक गेले, आणि जुन्या थरांच्या विस्कटण्यात त्यांना एका प्राचीन भूकंपाची चिन्हे दिसली. ती चिन्हे जमिनीत होती. त्यांच्याकडे पाहण्याचे कारण मात्र किल्लारीने दिले.

६

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी त्या पहाटेची आठवण आहे. तिचे वर्णन करण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रस्तुत विषयापुरता प्रश्न असा की, त्या भूमीविषयी आपल्याला काय ‘ठाऊक’ होते?

दख्खनचे पठार हे जुने, कठीण आणि स्थिर, हे पाठ्यपुस्तकी ज्ञान होते. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९६७ साली कोयनेला मोठा भूकंप झाला होता, परंतु त्याचे कारण धरणाच्या जलाशयात शोधले गेले, त्यामुळे पठाराच्या स्थैर्याच्या कल्पनेला तितकासा धक्का बसला नाही. अपवादाला स्वतंत्र कारण मिळाले की नियम अबाधित राहतो. १९९२ साली किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसले. ते लोकांना जाणवले, यंत्रांनी टिपले. पण ते वाचण्यासाठी जी भूमिका लागते ती आपल्यापाशी नव्हती.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लहान धक्क्यांची मालिका पुष्कळदा मोठ्या भूकंपावाचून विरून जाते, आणि अमुक धक्का हा पुढील संकटाचा अग्रदूत आहे हे आधी ओळखण्याचे साधन आजही उपलब्ध नाही. तेव्हा त्या वेळच्या शास्त्रज्ञांनी भाकीत केले नाही, हा दोष त्यांच्यावर ठेवता येत नाही. घटना घडून गेल्यावर तिच्या आधीची सर्व चिन्हे स्पष्ट दिसू लागतात, हाही पूर्वज्ञानाचाच एक खेळ आहे, आणि समीक्षकाने त्याला बळी पडू नये.

परंतु भाकीत नव्हे तरी घर पाहता आले असते. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवद. माळवद गळू लागले की वर मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, भिंतीची जाडी सुरक्षिततेची खूण वाटते. उन्हाची, पावसाची आणि चोराचिलटांची भीती ज्यांना ठाऊक होती, त्यांना हे घर भक्कम दिसत होते. आणि त्या तीन बाबतींत ते होतेही. जमीन हलण्याची भीती ज्ञानात नव्हती म्हणून डोक्यावरील मातीचे ओझे ‘ओझे’ म्हणून दिसले नाही. भूकंपानंतर अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा असे आढळले की, जेथे माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांनी पेलला होता, तेथे भिंती ढासळूनही छत काही ठिकाणी उभे राहिले. जुन्या सुताराच्या हातातील त्या खणांच्या रचनेचा हा गुण तोपर्यंत कोणी गुण म्हणून पाहिला नव्हता. २००२ साली नकाशा सुधारला गेला, पहिला विभाग रद्द झाला, आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. भूमी तीच होती, बदलले ते तिच्याविषयीचे आपले ज्ञान. या बदलाची किंमत ज्यांनी दिली त्यांत नकाशा काढणारे नव्हते.

७

मग निष्कर्ष काय काढावा? पूर्वज्ञान दिशाभूल करते, सबब मन रिकामे करून पाहावे, असा उपदेश काही जण करतात. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पूर्वग्रह टाकून जा’ असे सांगण्याची पद्धत आहे. हा उपदेश सद्हेतूचा असला तरी व्यर्थ आहे. होट्टलच्या शिळेपुढील पहिल्या माणसाचे मन लिपीच्या बाबतीत पूर्ण रिकामे होते, आणि त्याला काहीच दिसले नाही. काव्याच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय, असे अभिनवगुप्तांनी मानले. त्यांच्या दृष्टीने मनाची स्वच्छता ही अभ्यासाने येते, अभ्यासाच्या अभावाने नव्हे.

उपाय असलाच तर तो दुसऱ्या ज्ञानाची जोड मिळविणे हा होय. एका ज्ञानाने झाकलेले बहुधा दुसरे ज्ञान उघडे करते: संस्कृताने झाकलेले कन्नड, वास्तुशैलीच्या नावाने झाकलेला तलविन्यास, पुरातत्त्वाच्या प्रश्नांनी झाकलेला भूकंपाचा थर. हे दुसरे ज्ञान नेहमी विद्यापीठातच असते असेही नाही. मराठवाड्यातील शेतकरी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या वस्तीच्या टेकाडाची राखट, भुसभुशीत माती माळवदावर घालण्यास चांगली म्हणून तो ती उकरून नेतो. महाराष्ट्रातील पुरातत्त्वज्ञांनी प्राचीन वसाहती हुडकताना ‘पांढरीची टेकाडे’ हा त्याचाच शब्द उचलला आणि त्याचा साधन म्हणून उपयोग केला. तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्याच मातीतून निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमा केल्या. ज्या खापरांवरून आणि मण्यांवरून इतरांची पावले जात होती त्यांपुढे ते वाकले. आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्या विभागांची स्थिती समाधानकारक आहे असे म्हणवत नाही. निजामाच्या राजवटीत शिकलेल्या पिढीला उर्दू येत असे, तिच्यातील काहींना फारसीही. कंधारच्या किल्ल्यातील फारसी लेख त्यांच्यापुढे मुके नव्हते. घरोघरीचे जुने कागद वाचण्याइतकी मोडी अनेकांना येत होती. ही दोन्ही ज्ञाने आपल्या डोळ्यांदेखत आटली, आणि त्यांबरोबर आपल्या दृष्टीचा तेवढा भाग मिटला. २०२३ साली निजामकालीन कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी निकड भासली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंशी येथे कर्तव्य नाही. परंतु ज्या दप्तरांवर लोकांचे हक्क अवलंबून असू शकतात ती दप्तरे वाचणारी माणसे जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी उरावीत, ही ज्ञानाच्या क्षेत्रातील उणीव आहे, आणि ती भरून काढण्याचे काम विद्यापीठाचेच आहे.

म्हणून दोन सूचना मांडून हा लेख संपवितो. पहिली अशी की, मराठी आणि इतिहास या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने कन्नड, मोडी आणि फारसी-उर्दू यांपैकी निदान एका लिपीचे वाचनापुरते ज्ञान मिळवावे, आणि विभागाने त्याची सोय करावी. दुसरी सूचना खर्चाची नाही. क्षेत्रकार्याच्या वहीत प्रत्येक स्थळाच्या नोंदीखाली एक रकाना ठेवावा: येथे मला काय ओळखता आले नाही. ‘लेख अस्पष्ट’ असे लिहिण्याऐवजी ‘लेख आहे, लिपी मला येत नाही’ असे लिहावे. ‘हेमाडपंती देऊळ’ असे लिहिण्याऐवजी खांब, शाखा आणि कोन मोजून ठेवावेत. त्या रकान्यातील नोंदींचा अर्थ लिहिणाऱ्याला कदाचित कधीच लागणार नाही. परंतु वेगळे ज्ञान घेऊन पुढे येणाऱ्या माणसाला तेथे थांबण्याचे कारण मिळेल. १९६८ सालच्या त्या संग्रहामागे असे कोणीतरी, कोठेतरी, आधी थांबले असले पाहिजे.